वाडीची सरासरी

निर्मळच्या नाक्यावर जिथे सायकलचं दुकान होतं तिथे आता पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात. तिथून डावीकडे वळणारा रस्ता पूर्वीइतकाच अरुंद आहे. फक्त दोन्ही बाजूंच्या मेंदीच्या कुंपणाच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या आहेत. हेमाची आई गेली म्हणून भेटायला गेले होते. रिक्षा नाक्यावरच सोडली. या रस्त्यावर एक वास असायचा, तो अजून आहे का ते पाहायचं होतं. पिकत घातलेली केळी, शेण, पाट सोडल्यावर भिजलेली माती आणि त्या सगळ्यावर तरंगणाऱ्या कागड्याच्या कळ्या, असा तो वास होता.

वास आला. मी थांबून भिंतीपलीकडे पाहिलं. केळी नव्हत्या, गाड्या लावायची जागा होती. वास कुठून आला ते शोधलं, सापडलं नाही. जे शोधून सापडत नाही ते मी खरं धरत नाही. ही सवय मला याच रस्त्यावर लागली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, मानसशास्त्र घेतल्यामुळे सक्तीने घ्याव्या लागलेल्या सांख्यिकीच्या पेपरपायी.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मानसशास्त्राला येणाऱ्या मुलामुलींना स्वप्नं, संमोहन, वेड यांबद्दल ऐकायचं असायचं. तिसऱ्या वर्षी त्यांच्यासमोर सरासरी, मध्यांक आणि प्रमाण विचलन येऊन बसायचं. वर्ग तळमजल्यावर होता. वारा पश्चिमेकडून असला की कोळीवाड्यातल्या सुकत घातलेल्या बोंबलांचा वास खिडकीतून आत यायचा आणि ओल्या खडूच्या वासात मिसळायचा. फळ्याचा काळा रंग मधोमध उडाला होता. तेवढ्या भागात लिहिलेला आकडा तीन आहे की आठ, याबद्दल शेवटच्या बाकावर रोज मतभेद व्हायचे. शास्त्रीय कॅल्क्युलेटर वर्गात मोजक्या जणांकडे होते. ते हातोहात फिरत फिरत मागे पोहोचायचे तेव्हा त्यांची बटणं कोमट झालेली असायची.

शिकवायला सामंत सर होते. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि माणिकपूरहून कॉलेजपर्यंत स्वतःच्या मर्जीने चालणारी एक लुना. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "माणूस खोटं बोलतो हे धरून चाला. आकडा माणसाकडूनच येतो. म्हणजे आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा." ते हसून बोलले नव्हते. मागून नीलेश पुटपुटला, "म्हणजे आता हजेरीवर पण नाही ना विश्वास, सर?" सरांनी हजेरीपट पुन्हा उघडला आणि नीलेशचं नाव पुन्हा घेतलं.

त्या वर्षी विश्वास ही वस्तू एकूणच कमी होती. आम्ही गिरगावातली खोली सोडून वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहायला आलो होतो. गिरगावात दार उघडंच असायचं. इथे प्रत्येक दाराला भिंगाचा डोळा होता, आतून साखळी होती. बाबा कामावरून आल्यावर बेल वाजवायचे आणि भिंगासमोर चेहरा धरून उभे राहायचे, आई तो पाहायची, मग साखळी काढायची. पाण्याचा टँकर आला की खाली पाइप धरायला धावणाऱ्या बायका एकमेकींच्या हंड्यांकडे पाहायच्या. इमारतींच्या मागे मिठागरं होती. उन्हाळ्यात तिकडून येणाऱ्या वाऱ्याने ओठ खारट व्हायचे. संध्याकाळी गच्चीवरून पश्चिमेला पाहिलं की रुळांच्या पलीकडे हिरवा, जाड, अखंड पट्टा दिसायचा. तिथे वसईची जुनी माणसं राहतात, असं आमच्या इमारतीत म्हणत. ती आपल्याशी बोलत नाहीत, असंही म्हणत. तिकडची माणसं आमच्याबद्दल काय म्हणतात ते मला हेमाने सांगितलं. "तुम्हाला बिल्डिंगवाले म्हणतात. आमच्या विहिरींचं पाणी पिणारे."

हेमा निर्मळची. वडिलांची वाडी होती, म्हणजे केळी, पानवेल, कागडा, अबोली, थोडी भाजी. ती रोज सायकलने कॉलेजला यायची आणि तिच्या ओढणीला फुलांचा वास असायचा, तो तिला स्वतःला येत नसे. कमी बोलायची. प्रात्यक्षिकात दोघींची जोडी लावायचे, त्यात माझी जोडी तिच्याशी लागली. महिनोन्‌महिने आम्ही एकमेकींची स्मरणशक्ती, एकाग्रता आणि डावा-उजवा हात मोजत बसलो, त्यातून मैत्री झाली. मोजून झालेल्या मैत्रीत एक सोय असते, फार काही विचारावं लागत नाही.

एवढं मात्र तिने सांगितलं होतं की पुढे एम.ए. करायचं आहे, शाळेत समुपदेशक व्हायचं आहे, आणि वडिलांची अट आहे. "नापास न होता जेवढं शिकशील तेवढं शीक. एक वर्ष गेलं की बस." तिच्या थोरल्या बहिणीचं असंच एक वर्ष गेलं होतं. ती आता बोळिंजला सासरी होती.

दिवाळीनंतर सरांनी शेवटचं प्रात्यक्षिक दिलं. चिंता मोजायची चाचणी होती. चाळीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. जितके हो तितकी चिंता जास्त. प्रत्येकाने आपापल्या भागातल्या तीस जणांना विचारायचं, सरासरी काढायची, प्रमाण विचलन काढायचं, आलेख काढायचा, आणि सगळं जर्नलमध्ये लिहून सरांची सही घ्यायची. जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. ते वर्ष तिथेच संपायचं.

प्रश्नांचे कागद सायक्लोस्टाइल केलेले होते. शाईचा गोडसर, डोक्यात चढणारा वास यायचा. भाषा पुस्तकी होती. 'आपणांस अकारण धास्ती वाटते काय?' 'रात्री झोपेतून दचकून जाग येते काय?' 'आपल्या मनात कोणास सांगता न येण्याजोगी काळजी आहे काय?' सरांनी बजावलं होतं की प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. समजावून सांगायचं नाही, हसायचं नाही, ओळख दाखवायची नाही. विचारणारा तटस्थ हवा.

वर्गाने हे काम कसं केलं ते सगळ्यांना माहीत होतं. नीलेश आणि त्याची मंडळी एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर जमली, चहा आणि खारी मागवली आणि निळ्या, काळ्या, हिरव्या पेनांनी कागद भरले. एक कागद मुद्दाम शिसपेन्सिलने. "घरात पेन नसलेला माणूस," नीलेश म्हणाला. त्यांना घंटेसारखा आलेख कसा दिसतो ते पाठ होतं. त्यांनी आधी घंटा काढली आणि मग तिच्यात माणसं बसवली. मी आमच्या सोसायटीत फिरले. बहुतेक बायकांनी साखळी लावूनच उत्तरं दिली. दाराच्या फटीत अर्धा चेहरा, एक डोळा, आणि आतून कुकरची शिट्टी. घाई असल्यामुळे कोणी खोटं बोललं नसावं, असं मी तेव्हा समजत होते.

सरांनी सगळ्यांच्या जर्नलवर सह्या केल्या. नीलेशच्या आलेखाला त्यांनी "सुबक" म्हटलं. हेमाचं जर्नल उघडलं आणि ते पानं पुढे-मागे उलटत राहिले.

"तीस माणसं?"

"हो सर."

"सगळ्यांना काळजी एकसारखी? म्हणजे नाहीच?"

हेमाच्या तीसही बायकांनी जवळजवळ सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हटलं होतं. दोन ठिकाणी 'हो' होतं, तेही सगळ्यांचं त्याच दोन ठिकाणी. प्रमाण विचलन शून्याला टेकलं होतं. आलेखात घंटा नव्हती, एक खांब उभा होता.

"घरी बसून भरलंस तर निदान थोडं वर-खाली तरी करायचं," सर म्हणाले. "एवढा आळस?"

वर्ग हसला. ज्यांनी घरी बसून भरलं होतं ते जास्त हसले. हेमाचे कान लाल झाले. "मी विचारलंय, सर. प्रत्येकीला."

"मग मी येऊन विचारतो," सर म्हणाले आणि जर्नल सही न करता आपल्या पिशवीत टाकलं.

ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते रविवारी आले. मी आदल्या दिवसापासून हेमाकडेच होते. दुपार उतरत होती. पडवीत बायका कागडा ओवत बसल्या होत्या, संध्याकाळच्या बाजाराला गजरे जायचे होते. हे काम मी प्रथमच जवळून पाहत होते. केळीच्या सोपटाचा ओला दोर पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, एक वेढा, एक गाठ. हात चालत आणि तोंडं चालत. त्या आपसात त्यांची घरची बोली बोलत, ती मला अर्धीच समजे. कोणी बाहेरचं आलं की सगळ्या एकदम शाळेतल्यासारखं मराठी बोलू लागत. तो बदल दिवा लावावा तसा व्हायचा.

लुना कुंपणाशी बंद पडली आणि सर हातात काळी पिशवी घेऊन अंगणात आले. हेमाच्या आईने पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. एका ताटलीत सुकेळी ठेवली. उन्हात वाळवून पानात बांधलेली ही केळी वसईत पाहुण्याला देतात. सरांनी पाणी घेतलं, पिशवीतून कागद काढला आणि सगळ्यांत म्हाताऱ्या दिसणाऱ्या बाईसमोर बसले. ती वेणूकाकी, हेमाच्या वडिलांची चुलती. साऱ्या वाडीची काकी.

"आपणांस अकारण धास्ती वाटते काय?"

"नाही."

"रात्री झोपेतून दचकून जाग येते काय?"

"नाही."

"आपणांस भविष्याबद्दल..."

"नाही. सगळं बरं आहे आमचं." काकीने कळ्या खाली ठेवल्या. "साहेब, तुम्ही कुठल्या कंपनीचे?"

"मी कॉलेजातला. हिचा मास्तर."

"मास्तर रविवारचा कशाला येईल?"

कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं, मी कोण आहे असं वाटतं तुम्हाला?"

"आम्हाला काही वाटत नाही," काकी म्हणाली. "गेल्या साली एक आला होता. असाच, पिशवी घेऊन. विहिरी मोजतो म्हणाला, सरकारी योजना आहे म्हणाला. पाणी प्यायला, सुकेळी खाल्ली. तुम्हाला कसली अडचण, कसली काळजी, सगळं गोड गोड विचारून गेला. ज्यांनी ज्यांनी अडचण सांगितली, बरोबर त्यांच्या दारात पुढच्या महिन्यात दलाल उभा. जमीन देता का? मग देवळात बसून ठरलं. कोणीही येऊ दे, काहीही विचारू दे. आम्हाला काळजी नाही. पाण्याची मोटर कधी कधी बिघडते आणि डास आहेत. एवढंच सांगायचं."

दोन 'हो' कुठून आले होते ते तेव्हा कळलं. किरकोळ गोष्टींनी वैताग येतो काय, याला मोटरचं हो; झोप अपुरी होते काय, याला डासांचं.

हेमा उभी होती. "पण काकी, विचारत तर मी होते ना!"

"तू होतीस गं बाय. पण बोलत कुठे तू होतीस? मला 'आपण' म्हणालीस. जन्मात कधी म्हणालीस का? पोर आपली, पण कागद कोणाचा, ते आम्हाला काय ठाऊक?"

सर उठले. जाताना कुंपणाशी थांबून हेमाला म्हणाले, "हे तू बनवलेलं नाहीस, मान्य. पण हे आकडे नव्हेत. हा ठराव आहे. एकीने दिलेलं उत्तर तीसदा लिहिलंयस. पुन्हा घे, याच बायकांकडून. फॉर्म भरायच्या आत." लुना सुरू होईना. वाडीतल्या दोघांनी ढकलून दिली आणि ती नाक्यापर्यंत जाईस्तोवर पाहत उभे राहिले. तो खरंच कॉलेजच्या दिशेला वळतो की नाही, ते त्यांना पाहायचं होतं.

हेमाने पडवीत येऊन सांगितलं की सही झाली नाही तर तिचं वर्ष जाईल. मग वेणूकाकी म्हणाली, "एवढंच ना? मग आधी सांगायचं. कोणी किती घाबरायचं ते वाटून दे. आम्ही घाबरतो."

"मी नाही हं घाबरणार. माझ्या नावावर नको."

"तू? झुरळ दिसलं तर देवळापर्यंत ऐकू येतं!"

"हिला जास्त लिही गं, हेमा. हिचा नवरा बघ."

"तुझा काय मोठा!"

मी हसत होते. हेमा हसली नाही. तिने कागद घेतला, चुरगळला नाही, फक्त घडी करून बाजूला ठेवला. त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ते लांब होतं, शांत होतं, मला त्यातलं 'नाव' आणि 'एकटी' एवढंच कळलं. बायकांचे हात थांबले.

त्यानंतरच्या सकाळी मला एका क्रमाने आठवत नाहीत. त्या एकच सकाळ होऊन आठवतात. थंडीचे दिवस. वाडीच्या मागे बावखल होतं. झाडांना पाणी पुरावं म्हणून खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला इथे बावखल म्हणतात. त्यावर सकाळी धूर असल्यासारखं धुकं असायचं. पाण्यात पडलेली पानं आतल्या आत काळी व्हायची आणि त्यांचा चहाच्या चोथ्यासारखा वास यायचा. खंड्या एकाच ओंडक्यावरून सूर मारायचा. हेमा काठावरच्या धुण्याच्या दगडाशी बसायची आणि एकेक बाई एकटी यायची. मी अबोलीच्या वाफ्यापलीकडे, पाठ करून. कोण आली ते मी पाहायचं नाही, हेमाने सांगितलेल्या 'हो' किंवा 'नाही'वर खूण करायची, कागदावर नाव नाही. ही व्यवस्था हेमाची. सरांनी शिकवलेली तटस्थता तिने स्वतःकडून काढून माझ्याकडे दिली होती.

ती त्यांच्या बोलीत विचारायची. छापील प्रश्नाचं त्या बोलीत काय होत होतं ते मला समजायचं नाही. पण पडवीत झटकन येणारं 'नाही' इथे येत नव्हतं. प्रश्न जायचा आणि बराच वेळ पाणी ऐकू यायचं. कधी कपडा दगडावर आपटल्याचा आवाज, उगाच, दोनदा. कधी बांगड्या. मग उत्तर. ठामपणे 'नाही' म्हणणाऱ्याही होत्या, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसायचा. एकजण मध्येच हसत सुटली आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. हेमा थांबली, मग पुढचा प्रश्न विचारला. कागदावर खुणा पडत गेल्या, कोणाच्या पाच, कोणाच्या अकरा. खांब पसरू लागला.

शेवटची बाई बोलली तेव्हा आवाज मी ओळखला. इतके दिवस तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. हेमाची आई. पहिल्या प्रश्नाला हो. दुसऱ्याला हो. हेमाचा आवाज एका पट्टीत राहिला. हो. हो. मी मागे वळले नाही. पानं उलटत गेली आणि मला वाटलं की माझ्याकडून चूक होते आहे, एकाच रकान्यात हात सरावला आहे. म्हणून एकदा पेन उचलून थांबले. "हो," हेमा पुन्हा म्हणाली, मी खूण केली नाही हे तिला कसं कळलं कोण जाणे.

सरांनी नवा आलेख खिडकीजवळ नेऊन पाहिला. या वेळी घंटा होती, थोडी वाकडी, पण होती. आणि तिच्यापासून खूप दूर, उजव्या टोकाला, एकच ठिपका.

"हा कुठून आला?"

"एका बाईचा आहे, सर."

"एवढी काळजी कोणी करत नसतं. एक तर मोजण्यात चूक, नाही तर बाईने थट्टा केली. काढून टाक. एका आकड्याने सगळी सरासरी ओढली जाते. काढ, आत्ता सही करतो."

पेनचं टोपण काढलेलं होतं. वर्ग ऐकत होता. नीलेशसुद्धा.

"काढणार नाही, सर."

"का?"

"खरं आहे ते."

"कशावरून? बाई कोण?"

हेमाने खाली पाहिलं. नाव सांगायचं नसतं, हे सरांनीच शिकवलं होतं, आणि तिने बावखलावर तीसजणींना तो शब्द दिला होता. सर माझ्याकडे वळले. "तू होतीस ना? कोणाचा हा कागद?"

"माझी पाठ होती, सर."

त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. असं पाहणं मी नंतर बातमीदार झाल्यावर खूप पाहिलं, पोलीस चौकीत, मंत्रालयाच्या दारात. समोरचा खोटं बोलतोय हे ठरलेलं असतं, फक्त कशाबद्दल ते ठरत नसतं. त्यांनी टोपण लावलं. "कारण लिहून आण. पटलं तर बघू."

फॉर्मची मुदत संपत आली होती. हेमा रोज सायकलने यायची, शेवटच्या बाकावर बसायची. घरी तिने काही सांगितलं नव्हतं. वडील विचारायचे, झालं का सगळं, आणि ती म्हणायची, होतंय. आई काहीच विचारायची नाही. मी हेमाला एकदा म्हटलं, एकच तर आकडा आहे, कोणाला कळणार? ती सायकलला कुलूप लावत होती. "आधी सगळ्यांना मिळून एक केलं," ती म्हणाली. "आता जी एक वेगळी आली तिला काढायचं? मग विचारलं कशाला?"

शेवटच्या दिवशी तिने निष्कर्षाखाली एक ओळ जोडली. 'एका व्यक्तीचे उत्तर इतरांपेक्षा फार वेगळे आहे. चुकीचे असल्याचा पुरावा नसल्यामुळे ते वगळलेले नाही.' सरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. खिडकीतून बोंबलांचा वास येत होता, बाहेर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न तपासत होतं. "पुरावा नसल्यामुळे," ते स्वतःशीच म्हणाले, पटल्यासारखं नव्हे. मग मान खाली घालून सही केली. कागद फाटेल इतकी दाबून.

हेमा पास झाली. त्या उन्हाळ्यात वाडीच्या पूर्वेकडच्या भागाला तारेचं कुंपण पडलं. अख्खी वाडी एका तोंडाने 'नाही' म्हणत असताना एका घरातून 'हो' गेलं होतं. ते हेमाच्या वडिलांनी दिलं होतं. दिवाळीच्या आधीच बोलणी झाली होती, आणि घरात ते फक्त तिच्या आईला माहीत होतं. वेणूकाकीने त्या घरी येणं बंद केलं. पडवीतले गजरे दुसऱ्या पडवीत गेले. वडील पुढे कामणच्या एका गोदामावर देखरेखीला लागले. एम.ए.ला जायला त्यांनी हेमाला अडवलं नाही. त्यांना कोणालाही कशासाठी अडवण्याचा अधिकार उरला नव्हता, असं ती म्हणाली. बावखल बुजवलं तेव्हा मी मुंबईत नोकरीला लागले होते. भराव किती गाड्या पडला, ते पाणी कुठे गेलं, याची बातमी कुठेच आली नाही.

आता हेमा दोन शाळांमध्ये समुपदेशक आहे. मी गेले तेव्हा घरात सांत्वनाला आलेली माणसं होती, उदबत्तीचा वास होता. ती मला मागच्या दाराशी घेऊन गेली. तिथे आता इमारतीची भिंत आहे, हात लांब केला तर लागते. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"तुला तेव्हाच कळलं होतं, जमिनीचं?"

"नाही. आईने सांगितलं नाही. 'हो' एवढंच म्हणत होती, तुला माहीत आहे." भिंतीवरून पाण्याची एक रेघ खाली आली होती, ती तिच्याकडे पाहत होती. "शेवटचा प्रश्न झाला ना, तू कागद घेऊन पडवीकडे गेलीस, तेव्हा ती उठलीच नाही. दगडावर तशीच बसली. मला म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. चाळीसच असतात." आईचं पुढचं वाक्य हेमाने आधी बोलीत म्हटलं. मग मी बाहेरची आहे हे आठवून पुन्हा, साध्या मराठीत.

"म्हणाली, अजून विचार."

"मग?"

"मला सरांनी सांगितलेलं ना, कागदाबाहेरचं विचारायचं नाही," हेमा म्हणाली. "मी म्हटलं, आई, ऊठ, थंडी आहे."